नको म्हणायची सोय

वाद सुरू झाला तो धाकट्याच्या एका साध्या प्रश्नावरून. "जुने कपडे कचऱ्यात टाकण्यापेक्षा श्रीमंत देश ते गरीब देशांत पाठवतात, तर त्यात वाईट काय आहे?"

कट्ट्यावर त्या संध्याकाळी आम्ही पाच जण होतो. धाकटा अर्थशास्त्र शिकतोय. मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. ताईंची वीस वर्षं कपड्यांच्या निर्यातीत गेली. वकीलसाहेब नेहमी उलट बाजू घेतात आणि वाद धारदार करतात. पाचवा मी. एरवी मी ऐकण्याचं काम करतो, पण त्या दिवशी मलाही राहवलं नाही. झालेलं सगळं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून लिहून काढतोय.

ताईंनी उलट विचारलं, "पाठवतात म्हणजे नेमकं काय होतं, ठाऊक आहे तुला?"

"दान करतात. तिथल्या लोकांना स्वस्तात घालायला मिळतात."

"दान पेटीत टाकेपर्यंतच. पुढे तो माल होतो. पेटीतले कपडे आधी निवडतात. चांगले पीस तिथेच विकतात, उरलेले दाबून गठ्ठे बांधतात. एकेक गठ्ठा पंचावन्न किलोचा. तो कंटेनरमध्ये भरून विकला जातो, फुकट कुणी देत नाही. घानाच्या राजधानीत, आक्रामध्ये, कांतामांतो नावाचा बाजार आहे. तिथे आठवड्याला दीड कोटीच्या आसपास पीस उतरतात असा अंदाज आहे. तिथली बाई कर्ज काढून गठ्ठा विकत घेते. गठ्ठा फोडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही आणि पैसे आधी मोजायचे. आत डाग पडलेले, फाटलेले, घामानं पिवळे पडलेले कपडे निघाले तर नुकसान तिचं. जे विकलं जात नाही ते गटारात, खाडीत, समुद्रात. लाटांनी कपड्यांचे दोरखंड वळले जातात आणि वाळूत रुतून बसतात. आणि ते गठ्ठे डोक्यावर वाहतात त्या मुली. उत्तरेकडच्या गावांतून पोटासाठी आलेल्या. पंचावन्न किलो, मानेवर."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मास्तर म्हणाले, "तिथल्या भाषेत या कपड्यांना ओब्रोनी वावू म्हणतात. मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. इतके चांगले कपडे जिवंत माणूस का टाकेल, असं पहिल्यांदा तिथल्या लोकांना वाटलं होतं म्हणे."

हे ऐकून मला कसंसंच झालं. माणूस मेला असेल असं समजणारे ते लोक सभ्य होते. धडधाकट माणूस चार वेळा घालून शर्ट टाकून देतो, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं.

मास्तरांनी चिलीचंही सांगितलं. इकीके बंदरात वर्षाला साधारण 59,000 टन कपडे उतरतात, त्यातले निदान 39,000 टन शेवटी अटाकामाच्या वाळवंटात जातात, असं 2021 मध्ये जगभर छापून आलं होतं. आल्तो ओस्पिसिओ नावाच्या गरीब वस्तीजवळ त्या कपड्यांच्या टेकड्या झाल्या. बरेचसे पॉलिएस्टरचे, म्हणजे कुजतही नाहीत. पेटवले की धूर वस्तीत. जगातल्या सगळ्यांत कोरड्या वाळवंटांपैकी ते एक. तिथे पाऊससुद्धा काही धुऊन नेत नाही.

पण धाकटा हटला नाही, आणि त्याचं मला आवडलं. "ताई, हे वाईट आहे, मान्य. पण त्या बाजारावर हजारो लोकांची घरं चालतात. नको असेल तर त्या देशांनी आयात बंद करावी. कुणी बंदूक लावलीये का?"

"रवांडानं करून पाहिलं," वकीलसाहेब म्हणाले. ते आज आमच्या बाजूनं बोलतायत म्हणून आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. "2016 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी मिळून ठरवलं, की जुने कपडे हळूहळू बंद करायचे आणि आपले कारखाने उभे करायचे. रवांडानं शुल्क किलोला वीस सेंटवरून अडीच डॉलरवर नेलं. जुन्या कपड्यांचा व्यापार करणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या संघटनेनं सरकारकडे तक्रार केली की आमच्या लोकांच्या नोकऱ्या जातील. अमेरिकेनं सांगितलं, शुल्क मागे घ्या, नाहीतर आमच्या बाजारात तुम्हाला मिळणारी करसवलत जाईल. केनियानं माघार घेतली, मग टांझानिया आणि युगांडानं. रवांडा अडून बसला. 2018 मध्ये त्याच्या कपड्यांची सवलत काढून घेतली."

"म्हणजे जुने कपडे घेतले नाहीत म्हणून नवे कपडे विकायला मनाई?"

"मनाई नाही. पण कर भरून विका. सवलतीशिवाय तिथे टिकणं अवघड. कायद्यानं बघितलं तर अमेरिकेनं काहीच चुकीचं केलं नाही. सवलत तिची होती, तिनं काढली."

इथे मला तोंड उघडावंसं वाटलं. म्हणालो, आपण मघापासून वापर किती, कचरा किती, हेच मोजतोय. मला वाटतं मूळ प्रश्न दुसरा आहे. समोरच्याला नको म्हणता येतं का? दोन शेजाऱ्यांमध्ये एकानं देऊ केलं आणि दुसऱ्यानं नको म्हटलं, तर तिथे विषय संपतो. इथे नको म्हटल्याची शिक्षा होते. श्रीमंत देशातल्या माणसाला दर महिन्याला कपाट रिकामं करता येतं, कारण दुसऱ्या टोकाला नाही म्हणायची सोय नसलेलं कुणीतरी उभं आहे.

"हे जरा भावनिक होतंय," वकीलसाहेब म्हणाले. झाले ते पुन्हा पलीकडच्या बाजूला. "नको म्हणणारेही आहेत. चीननं म्हटलं ना."

ते बरोबरच होतं. 1992 पासून पुढची पंचवीसेक वर्षं जगानं निर्यात केलेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जवळपास 45 टक्के एकटा चीन घेत होता. श्रीमंत देशांतली कुटुंबं डबे धुऊन, वेगळे करून ठेवत होती आणि आपलं काम झालं असं मनापासून समजत होती. त्यांचा दोष मी काढत नाही. पुढे डबा कुठे जातो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. 2018 च्या सुरुवातीला चीननं दार लावलं. तेच कंटेनर मलेशिया, व्हिएतनाम, थायलंडकडे वळले. कचरा कमी झाला नाही, त्यानं बंदर बदललं.

मास्तरांना फिलिपिन्सची गोष्ट तपशिलात माहीत होती. 2013 आणि 2014 मध्ये कॅनडातून शंभराहून जास्त कंटेनर मनिलाला आले. कागदावर पुनर्वापराचं प्लास्टिक, उघडल्यावर घरातला ओला-सुका कचरा, त्यात वापरलेले डायपरसुद्धा. ते बंदरात वर्षानुवर्षं कुजत पडले. फिलिपिन्सच्या न्यायालयानं परत पाठवायला सांगितलं, तरी हललं नाही. शेवटी सरकारनं राजदूत परत बोलावले, आणि मे 2019 च्या शेवटी उरलेले 69 कंटेनर जहाजावर चढले. म्हणजे दुसऱ्याचे डायपर परत द्यायला एका स्वतंत्र देशाला पाच-सहा वर्षं भांडावं लागलं.

"पण त्यातूनच नियम आला," वकीलसाहेब म्हणाले. "घातक कचऱ्याच्या वाहतुकीवर बाझल करार 1989 चा. 2019 मध्ये त्यात प्लास्टिक घातलं, 2021 पासून लागू झालं. मिसळलेलं, घाणेरडं प्लास्टिक पाठवायचं असेल तर आधी कळवायचं आणि घेणाऱ्या देशाची संमती मिळवायची. तू म्हणतोस तीच नको म्हणायची सोय, कायद्यात लिहिलेली. अमेरिकेनं 1990 मध्ये सही केली, पण करार अजून मंजूर केलेला नाही. तरी नियम आहे."

मला हे ऐकून खरंच बरं वाटलं. एखादी मागणी कायद्यात उतरते तेव्हा तिच्यामागे बंदरावर नाक दाबून उभ्या राहिलेल्या कितीतरी माणसांची चिकाटी असते.

यानंतर धाकट्यानं त्याचा सगळ्यांत भक्कम मुद्दा काढला. "बांगलादेश घ्या. तिथे कपड्यांच्या कारखान्यांत चाळीस लाखांच्या आसपास माणसं काम करतात, त्यात बायका जास्त. श्रीमंत देशांनी खरेदी कमी केली तर पहिल्यांदा त्यांची चूल विझेल. त्यांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला तो या खरेदीमुळे. खरेदीला शिव्या देणं सोपं आहे."

ताईंनी त्याला अडवलं नाही. उलट म्हणाल्या, "हे सगळं खरं आहे. मी ती बदललेली घरं पाहिलीयेत. पगार हातात आलेली मुलगी लग्नाला थांबा म्हणू शकते. म्हणून मी कधीच म्हणणार नाही की विकत घेऊ नका. पण राणा प्लाझा आठव."

24 एप्रिल 2013. ढाक्याजवळ सावरमधली आठ मजली इमारत. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं. इमारत कोसळली, 1,100 हून जास्त माणसं गेली.

"तडे सगळ्यांनीच पाहिले होते," ताई म्हणाल्या. "बँकेच्या माणसाला घरी राहता आलं. शिवणारीला नाही. न आल्यास पगार कापण्याची धमकी होती. आणि मालकाला इतकी घाई का? माल वेळेत गेला नाही तर दंड, नाहीतर विमानानं पाठवायचा खर्च त्याच्या डोक्यावर. बायर दर वर्षी दर उतरवून मागतो. मी वीस वर्षं त्या टेबलावर बसलेय. 'दुसरा देश स्वस्तात देतोय' हे एक वाक्य समोरून येतं आणि आपण पेन्सिल घेऊन कुठून दोन सेंट काढता येतात ते शोधायला लागतो. कापड त्यांच्याच पसंतीचं, बटणं त्यांच्याच पसंतीची. कमी करायला हातात एकच गोष्ट उरते, शिलाई."

नंतर करार झाला, इमारतींची तपासणी झाली, जिने आणि आगीचे दरवाजे सुधारले, हेही त्यांनी सांगितलं. दोनेकशे कंपन्यांनी कायद्यानं बांधील राहून सह्या केल्या आणि त्याचा उपयोग झाला. पण 2020 मध्ये साथ आली, तेव्हा काही आठवड्यांत बांगलादेशच्या सुमारे तीन अब्ज डॉलरच्या ऑर्डर रद्द झाल्या किंवा थांबवल्या गेल्या. कापड घेतलेलं, कापलेलं, काही माल शिवून खोक्यात भरलेला.

"आमच्याकडे एका बायरचा मेल आला, दोन ओळींचा," ताई म्हणाल्या. "तयार माल नको. त्यांना नको म्हणता आलं बघ. एका दिवसात."

मघाशी मी जे अर्धवट बोललो होतो ते ताईंनी दोन वाक्यांत पुरं केलं. नको म्हणायची सोय त्या व्यवहारात होतीच. ती एकाच टोकाला होती.

वकीलसाहेबांचा यावर आक्षेप होता, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. त्यांचं म्हणणं, गरीब देशांची सरकारं काय करतात? इमारतीवर बेकायदा मजले चढवायला कुणी दिले? समुद्र कुणी विकला? सेनेगलचं उदाहरण त्यांनीच दिलं. तिथल्या किनाऱ्यावर सार्डिनेला नावाचा छोटा मासा म्हणजे गरिबाचं रोजचं प्रथिन. आधी परदेशी ट्रॉलर आले, मग सेनेगल, गांबिया, मॉरिटानिया या पट्ट्यात फिशमीलचे, म्हणजे माशांच्या भुकटीचे, कारखाने. साधारण चार ते पाच किलो ताजी मासळी दळली की एक किलो भुकटी होते. ती आणि माशाचं तेल जहाजानं बाहेर जातं, युरोपात, तुर्कस्तानात, चीनमध्ये, आणि पाळलेल्या माशांना खाऊ घातलं जातं. "परवाने दिले कुणी? तिथल्याच सरकारांनी."

"दिले," मास्तर म्हणाले. "पण मासे सुकवणाऱ्या, धुरी देणाऱ्या बायकांना विचारून दिले का? कारखाना रोख पैसे देऊन अख्खी होडी उचलतो. त्या बायकांच्या टोपल्यांत काही येतच नाही. आणि पुढे बघा. मासे मिळेनात, तेव्हा त्याच लाकडी होड्यांत माणसं बसतात आणि स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघतात. किती जण वाटेतच बुडतात. पोचतात त्यांना युरोप विचारतो, तुम्ही का आलात?"

हे बोलताना मास्तरांचा आवाज चढला होता. त्यांना असं चिडलेलं मी क्वचित पाहिलंय. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला नकाशावरच्या दोन रेषा एकमेकींना छेदताना दिसतात. मासा उत्तरेला जातो आणि माशामागे माणूस.

माझ्या मते वकीलसाहेबांचा मुद्दा खरा आहे, पण तो दुसऱ्या टोकाची जबाबदारी कमी करत नाही. विकणारा लाचखाऊ असला म्हणून चोरीचा माल घेणारा सुटत नाही. आणि गरीब देशांतले श्रीमंतही याच पंगतीत आहेत. जगातल्या सर्वांत श्रीमंत 1 टक्का लोकांचं 2019 मधलं कार्बन उत्सर्जन जगाच्या 16 टक्के होतं, तळाच्या पाच अब्ज लोकांइतकं, असा ऑक्सफॅम या संस्थेचा हिशेब आहे. तो 1 टक्का कुठल्या एका खंडात राहत नाही.

फोनमधल्या कोबाल्टवर थोडंच बोलणं झालं. जगाचा सुमारे 70 टक्के कोबाल्ट काँगोत निघतो. त्यातला काही कोल्वेझी या खाणींच्या शहराच्या आसपास माणसं हातानं विहिरीसारखे खड्डे खणून काढतात. दरड कोसळली की तिथेच गाडली जातात. धाकट्यानं सांगितलं की फेब्रुवारी 2025 मध्ये काँगोनं भाव पडल्यामुळे कोबाल्टची निर्यातच थांबवली, आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला. "म्हणजे हातात हुकमी वस्तू असली तर नको म्हणता येतं," तो म्हणाला. बरोबर आहे. पण सेनेगलच्या होडीवाल्याकडे, घानाच्या गठ्ठेवालीकडे अशी कुठली वस्तू आहे?

एव्हाना अंधार पडला होता, आणि बोलणं हवेवर आलं. या गोष्टीनं मला मनापासून अस्वस्थ केलं. कंटेनर परत पाठवता येतो. उशिरा का होईना, फिलिपिन्सनं पाठवला. पण धूर कसा परत पाठवणार? 2022 मध्ये पाकिस्तानात पूर आला. 1,700 हून जास्त माणसं गेली, 3 कोटी 30 लाख लोकांना फटका बसला. जगाच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा 1 टक्क्याहून कमी. औद्योगिक काळापासून आजपर्यंत हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, आणि सगळ्या आफ्रिका खंडाचा 3 टक्क्यांच्या आसपास. आज अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण 14 टन, आफ्रिकेत सरासरी 1 टनाच्या घरात. मोठं घर, मोठी गाडी, वारंवार विमान, बाराही महिने हवं ते तापमान, या सगळ्यांचा उरलेला भाग आकाशात जातो आणि कुणाच्या तरी शेतावर उतरतो. त्याला आधी कळवायची, संमती मागायची तरतूद कुठल्याच करारात नाही.

"चीन आज सगळ्यांत जास्त सोडतो," धाकटा म्हणाला.

"सोडतो. आणि त्यातला काही धूर दुसऱ्या देशांत विकायच्या वस्तू करताना निघतो," ताई म्हणाल्या. "पण चीनला सोडून द्या असं कोण म्हणतंय?"

पुरानंतर काय झालं ते वकीलसाहेबांनी सांगितलं. नुकसान आणि बुडालेलं उत्पन्न मिळून तीस अब्ज डॉलरच्या वर गेलं. जानेवारी 2023 मध्ये जिनिव्हाला परिषद भरली, नऊ अब्जांहून जास्त रकमेचे शब्द दिले गेले. त्यातला बहुतेक पैसा कर्ज म्हणून. यावर ताई एकदम ताठ बसल्या. "कर्ज? घर दुसऱ्यामुळे बुडालं आणि त्यालाच व्याज द्यायचं?"

2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी गरीब देशांना 2020 पर्यंत वर्षाला शंभर अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. तो आकडा गाठायला 2022 उजाडलं, आणि त्यातही कर्जाचा वाटा मोठा. नुकसानभरपाईचा वेगळा निधी 2022 मध्ये शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत मान्य झाला. पुढच्या वर्षी दुबईत त्यात साधारण सत्तर कोटी डॉलरची आश्वासनं जमली. पाकिस्तानच्या एका पुरापुढे ही रक्कम किती तोकडी आहे ते सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. मी तिथे म्हणालो तेच इथे लिहितो. याला मदत म्हणणं बंद व्हायला हवं. ही देणी आहेत, आणि ती कर्जाच्या रूपात फिटत नाहीत.

"कोर्टानं आता जवळपास तेच म्हटलंय," वकीलसाहेब म्हणाले. ही गोष्ट सांगताना ते कुठल्याच बाजूचे राहिले नव्हते. 2019 मध्ये पॅसिफिक बेटांवरच्या 27 विद्यार्थ्यांनी, कायदा शिकणाऱ्या मुलामुलींनी, ठरवलं की हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे न्यायचा. व्हानुआटू सरकारनं तो उचलला, देशामागून देश गोळा केले. मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव एकमतानं मंजूर केला. 23 जुलै 2025 ला हेगमधल्या त्या न्यायालयाच्या न्यायाधीशांनी, तेही एकमतानं, मत दिलं की हवामानाचं नुकसान टाळणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडलं तर भरपाईची जबाबदारीही येऊ शकते.

"हुकूम आहे?" धाकट्यानं विचारलं.

"सल्लागार मत आहे. बंधनकारक हुकूम नाही. पण पुढे कुठलंही कोर्ट याकडे डोळेझाक करू शकणार नाही."

"मग पाकिस्तानचं कर्ज माफ होईल?"

"आपोआप नाही. दावा लावावा लागेल. अमुक देशाच्या धुरानं अमुक नुकसान, हे सिद्ध करावं लागेल. वर्षं जातील."

"मग लावू देत की," ताई म्हणाल्या. "डायपर परत द्यायलाही सहा वर्षं लागलीच ना."

धाकट्यानं वही काढली आणि त्या 27 विद्यार्थ्यांचं विद्यापीठ कुठलं ते वकीलसाहेबांना विचारलं. युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक, व्हानुआटूतला कॅम्पस. त्यानं ते उतरवून घेतलं.